रुपयांतला एक आणा

कागद वाळत घालण्याचें काम माझ्यावर आयुष्यांत एकदांच आलें. २०२१ सालच्या जुलै महिन्याच्या २२ तारखेस सावित्री आणि गांधारी या दोन्ही नद्या महाड शहरांत शिरल्या. आमच्या माजघरांतल्या फडताळाच्या वरच्या फळीपर्यंत पाणी चढलें होतें. त्याच दिवशीं आमच्या तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून माणसें घरांसह गाडलीं गेलीं. त्या दुःखाशेजारीं आपल्या नुकसानीचा उच्चार करण्याचीहि लाज वाटते. आमचें गेलें तें धान्य, अंथरूण-पांघरूण आणि थोडीं पुस्तकें. वडिलांची लोखंडी पेटी मात्र चिखलांतून शाबूत निघाली. गंजलेलें कुलूप फोडून आंतले ओले कागद मीं एकेक करून सोडविले आणि ओटीवर दोऱ्या बांधून धोतरांसारखे वाळत घातले.

ज्यानें जन्मभर पोलादपूरच्या बाजूच्या प्राथमिक शाळांतून मुलांचें शुद्धलेखन तपासलें, त्याला डोळ्यांसमोर लोंबणारा कागद वाचल्यावांचून राहवत नाहीं. श्रावणाच्या दमट हवेंत कागद लवकर वाळेनात, आणि मी ओटीवर बसून आमच्या घराण्याचा शंभर वर्षांचा व्यवहार उलट्यासुलट्या पानांनीं वाचीत राहिलों. त्यांतल्या दोन कागदांविषयीं लिहावयाचें आहे. एक आजोबांच्या वेळचें, १९३१ सालचें वाटणीपत्र. दुसरें १९९७ सालचें हक्कसोडपत्र, आणि त्यांत लिहून घेणार म्हणून माझेंच नांव होतें.

वाटणीपत्र आजोबा आणि त्यांचे धाकटे बंधु यांच्यामधलें. वास्तविक भाऊ तिघे होते. मधले ऐन पंचविशींत विषमज्वरानें गेले आणि मागें त्यांची पत्नी, आमची माईआजी, सतरा वर्षांची, निपुत्रिक अशी राहिली. मधले आजोबा जगते तर मिळकतीचा तिसरा हिस्सा, म्हणजे रुपयांत पांच आणे चार पै, त्यांचा होता. त्यांच्या पत्नीला काय मिळालें तें सातव्या कलमांत लिहिलें आहे. माजघराच्या उत्तरेची एक खोली, हयातीपर्यंत राहण्याकरितां. वर्षास सहा मण भात, दोन लुगडीं, चुलीपुरतें जळण, आणि परसांतील विहिरीवर बाहेरच्या अंगानें जाण्यायेण्याची वहिवाट. खोली गहाण ठेवूं नये, दान देऊं नये, विकूं नये. खालीं दोघां भावांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या. माईआजीची सही नाहीं. ती मागण्याचें कोणाला कारणच नव्हतें.

माईआजी मला चांगली आठवते. १९६८ सालीं ती वारली तेव्हां मी मराठी पांचवींत होतों. विहिरीवर जातांना ती माजघरांतून कधीं जात नसे. भर पावसांतहि घागर घेऊन बाहेरून वळसा घाली. आई म्हणे, "माई, आंतून जा ना." त्यावर तिचें उत्तर ठरलेलें: "कागदांत बाहेरून लिहिलंय." आम्हां मुलांना तो म्हातारीचा विक्षिप्तपणा वाटे आणि आम्ही तिची नक्कल करून हंसत असूं. सातवें कलम वाचलें त्या दिवशीं कळलें कीं ती विक्षिप्त नव्हती. साऱ्या घरांत तो कागद एकट्या तिलाच पाठ होता.

आजोबांनीं त्या वेळच्या कायद्याबाहेर कांहीं केलें नव्हतें, हेंहि न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. एकत्र कुटुंबांतल्या मृत भागीदाराच्या विधवेला अन्नवस्त्र, एवढाच तेव्हां हक्क होता. १९३७ च्या कायद्यानें विधवेला नवऱ्याच्या जागीं हिस्सा मिळूं लागला. पण ज्यांचे नवरे आधींच गेले होते त्यांना त्याचा उपयोग नव्हता. पुढें १९५६ सालीं हिंदु वारसा कायदा आला. त्याच्या चौदाव्या कलमानें स्त्रीच्या ताब्यांतली मिळकत, मग ती अन्नवस्त्राबद्दल मिळालेली कां असेना, तिच्या पूर्ण मालकीची झाली. सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं तुळसम्मा नांवाच्या एका विधवेच्या दाव्यांत हें निःसंदिग्ध करून टाकलें. म्हणजे १७ जून १९५६ पासून ती अंधारी खोली माईआजीची स्वतःची होती. ती तिला विकतां आली असती, कोणाला देतां आली असती. बारा वर्षें ती स्वतःच्या मालकीच्या खोलींत आश्रितासारखी राहिली, आणि हें तिला सांगणारें घरांत कोणी निघालें नाहीं. वडिलांना तें ठाऊक नसेल. कदाचित् असेलहि.

पुराच्या दुसऱ्या वर्षीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें अमेरिकेंतून एक ग्रंथ पाठविला. तो तिकडे मॅसॅच्युसेट्स प्रांतांत असतो, आणि गुरुजींना जुन्या कागदांचें वेड आहे हें त्याला ठाऊक आहे. त्या प्रांतांतल्या एसेक्स परगण्यांतलीं १६३५ ते १६८१ या काळांतलीं मृत्युपत्रें व वारशाचे कागद १९१६ ते १९२० या वर्षांत तीन खंडांत छापले गेले. त्यांतला हा पहिला खंड. माझें इंग्रजी मॅट्रिकचें, आणि त्या ग्रंथांतलें स्पेलिंग तर त्यांच्याहि आजोबांच्या आजोबांचें. कोश मांडीवर घेऊन रोज दोन पानें, अशा गतीनें मीं तें वाचलें.

समुद्र ओलांडून नुकतीच वस्ती केलेले हे शेतकरी लोक. मृत्यु समोर दिसूं लागला कीं प्रथम आत्मा देवाला, देह मातीला, आणि मग लगेच कुंपण, कुरण, बैलजोडी, तांब्याची किटली, पिसांची गादी. कोणती गादी कोणाला, हेंहि नांवानिशीं. आमच्याकडे समया आणि परात यांवरून जसे जावाजावांत अबोले झाले, तसे तिकडे गाद्यांवरून झाले असावेत. विधवेला रिवाजानें तिसरा हिस्सा, पण तो हयातीपुरता. आणि त्या काळच्या तिकडच्या मृत्युपत्रांतून पुनःपुन्हा येणारी एक गोष्ट वाचून मी थबकलों. घराच्या एका टोकाची खोली पत्नीनें वापरावी. मुलानें तिला जळण फोडून दारापर्यंत आणून द्यावें. तिची एक गाय हिवाळ्यांत पोसावी. आणि तिला विहिरीपर्यंत व भट्टीपर्यंत जाण्यायेण्याची मोकळीक असावी! पुस्तक मिटून मीं माजघराच्या उत्तरेच्या खोलीकडे पाहिलें. सात समुद्रांपलीकडे, दुसऱ्या धर्मांत, दुसऱ्या भाषेंत, तीनशें वर्षें आधीं, तेंच सातवें कलम.

दुसरेंहि बरेंच जुळतें. मॅसॅच्युसेट्सच्या १६४१ च्या कायद्यांत, मृत्युपत्र न करतां बाप वारला तर थोरल्या मुलाला दुप्पट हिस्सा सांगितला आहे. तो त्यांनीं बायबलांतून घेतला. आमच्या मनूनें थोरल्याला विसावा भाग जास्त आणि जिनसांतली उत्तम वस्तु दिली आहे. तिकडेहि बहुधा जमीन मुलांना. मुलींना गुरें, भांडीं, बिछाने, रोकड, म्हणजे जें उचलून दुसऱ्या घरीं नेतां येईल तें. त्याच देशाच्या दक्षिणेकडील वसाहतींत तर मृत्युपत्रांतून जिवंत माणसें वांटलीं जात. आफ्रिकेंतून धरून आणलेले गुलाम, त्यांचीं पोरें, नांवें घालून, कोण मुलाला आणि कोण मुलीला, गुरांच्या यादीशेजारीं. विद्यार्थ्यानें हें पत्रांत कळविलें, आणि त्यानंतर आठ दिवस मीं तें पुस्तक उघडलें नाहीं.

मोठा फरक एकच. तिकडचा बाप देणारा होता; आमचा बाप शास्त्राप्रमाणें देणारा नव्हेच. मिताक्षरेच्या मतानें वडिलोपार्जित मिळकतींत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. यालाच अप्रतिबंध दाय म्हणतात. जें मुलाचें आधींच आहे तें बाप मरतांना काय देणार? म्हणून आपल्या धर्मशास्त्रांत दायविभागावर एवढी चर्चा असूनहि मृत्युपत्राचें प्रकरण नाहीं. तो प्रघात इंग्रजी अमलांत रुजला. १८७० चा हिंदूंच्या मृत्युपत्रांचा कायदा इकडे मुंबई शहरापुरता होता; महाडसारख्या ठिकाणीं हिंदूनें तोंडीं सांगितलेलें मृत्युपत्रहि चालत असे. १ जानेवारी १९२७ पासून मात्र तें लेखी आणि दोन साक्षीदारांच्या सहीचें असलें पाहिजे असें ठरलें.

मिताक्षरेचा उल्लेख आला त्या अर्थी थोडें शास्त्र सांगतों. शिक्षकाची खोड आहे, वाचकांनीं सोसावी. मुंबई बेट, गुजराथ आणि उत्तर कोंकण येथें नीलकंठ भट्टांच्या व्यवहारमयूखाला अग्रमान, इतरत्र विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेला, अशी मुंबई इलाख्यांतली व्यवस्था होती. मग कुलाबा जिल्ह्याच्या अगदीं दक्षिण टोकाला असलेल्या महाडचें काय? १९१६ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें ठरविलें कीं मयूखाचें प्राधान्य चौल-नागोठण्याच्या दक्षिणेस नाहीं; महाड तालुक्यास मिताक्षराच लागू. दापोलीजवळच्या मुरूडचे विश्वनाथ नारायण मंडलिक यांनीं १८८० सालीं या ग्रंथांना इंग्रजी वेष दिला आणि भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनीं १९२६ सालीं मयूखाची चिकित्सक आवृत्ति काढली. कायद्याच्या या अभ्यासांत कोंकणचीं माणसें पुढें होतीं याचा मला अभिमान आहे. तोच अभिमान धरून मी तरुणपणीं एका शास्त्रीबुवांपाशीं मिताक्षरेचा दायविभाग वाचला.

त्यांत दोन ठिकाणें अशीं आहेत कीं तेव्हां मीं तीं पाठ केलीं आणि समजलों नाहीं. पहिलें थोरल्याच्या जास्त हिश्श्याचें. विज्ञानेश्वर म्हणतो, स्मृतींत हा विषम विभाग आहे खरा. पण लोकांना तो अमान्य झाला आहे, म्हणून तो आचरूं नये. बाराव्या शतकाच्या आगेंमागें कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत बसून एक संन्यासी पंडित मनूच्या नियमाला असा बाजूस सारतो! दुसरें ठिकाण कन्येचें. बाप गेल्यावर भावांनीं अविवाहित बहिणीला चतुर्थांश द्यावा असें मनु व याज्ञवल्क्य दोघेहि सांगतात. याचा अर्थ लग्नापुरता खर्च एवढाच, असें भारुचि नांवाच्या जुन्या टीकाकाराचें मत. विज्ञानेश्वर तें खोडून काढतो. त्याच्या मतें हा खराखुरा हिस्सा आहे: मुलीला एक भागीदार समजून भाग पाडावे, आणि तिच्या भागाचा चौथा भाग तिला द्यावा, उरलेलें इतरांनीं वांटून घ्यावें.

महाडचा कायदा मिताक्षरा, असें न्यायालयानें ठरविलें. आम्हीं मात्र घरोघर भारुचीला मानलें. लग्नांत खर्च केला, हिस्सा फिटला.

आणि हें सर्व महाडांत बसून लिहितांना १९२७ साल टाळतां येत नाहीं. २० मार्चला डॉक्टर आंबेडकरांनीं आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचें पाणी प्यालें. २५ डिसेंबरला येथेंच मनुस्मृति जाळण्यांत आली, आणि तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण होते. तें तळें कोणाचें, हा वादहि अखेर मालकीचाच वाद झाला. खाजगी मालकीचा आणि जुन्या वहिवाटीचा दावा उच्च न्यायालयांत १९३७ सालीं फेटाळला गेला. आमचे आजोबा त्या डिसेंबरांत दार लावून आंत बसले होते, असें माईआजी सांगे. बाहेर काय जळलें असें तिनें विचारलें तेव्हां ते म्हणाले, "धर्मशास्त्र." ही गोष्ट सांगून ती थोडी थांबे आणि म्हणे, "माझं त्यांत काय जळलं, तें मला अजून कळलं नाहीं." मी त्या ग्रंथाचा विद्यार्थी आहें, ग्रंथ जाळण्याच्या कल्पनेनें अजून माझ्या पोटांत कालवतें. पण माईआजीच्या प्रश्नाचें उत्तर मला सांपडलेलें नाहीं. त्याच आंबेडकरांनीं पुढें कायदेमंत्री असतांना मुलींना वारसा देणारें हिंदु कोड बिल पुढें नेलें, आणि तें रखडलें म्हणून १९५१ सालीं मंत्रिपद सोडलें. १९५६ चा कायदा हा त्याच बिलाचा एक भाग होय.

आतां दुसऱ्या कागदाकडे येतों. इतका वेळ इतरांचें सांगत होतों.

आम्ही तीन भावंडें. अक्का सर्वांत वडील, मग दादा, मग मी. अक्काचें लग्न १९७९ सालीं रोह्यास झालें. १९९६ सालीं वडील मृत्युपत्र न करतां वारले. त्यांच्या हिश्श्याची आंकडेमोड १९५६ च्या कायद्याप्रमाणें अशी होते, आणि हीच रीत सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं मगदूम घराण्याच्या दाव्यांत पक्की केली. वडील वारण्याच्या क्षणीं वाटणी झाली असें कल्पावयाचें: वडील, आई, दादा, मी, प्रत्येकीं चार आणे. मग वडिलांच्या चार आण्यांना वारस चौघे: आई, दादा, मी आणि अक्का, प्रत्येकीं एक आणा. म्हणजे आईचे पांच, दादाचे पांच, माझे पांच, अक्काचा एक. गंमत अशी कीं विज्ञानेश्वराच्या रीतीनेंहि मीं हें गणित मांडून पाहिलें. आई, दोघे पुत्र, एक कन्या असे चार भाग. कन्येच्या भागाचा चतुर्थांश म्हणजे रुपयांत बरोबर एक आणा! फक्त तेथें कन्या अविवाहित पाहिजे. नऊशें वर्षांच्या अंतरानें शास्त्र आणि कायदा एका आण्यावर येऊन भेटले, आणि तो एक आणाहि आम्हीं तिच्या हातांत पडूं दिला नाहीं.

१९९७ च्या वैशाखांत आम्हीं तिला एस.टी.नें बोलावून घेतलें. दादा तिला म्हणाला, "तलाठ्याच्या दप्तरांत नांवं फार झालीं कीं पुढं घोटाळा होतो. एक सही लागते." मी शेजारीं उभा होतों. मिताक्षरा वाचलेला मी. हक्कसोडपत्र म्हणजे काय हें मला समजत होतें आणि तिला समजत नव्हतें, हेंहि मला समजत होतें. आईनेंहि त्याच कागदावर आपल्या पांच आण्यांची सही केली. तिनें मात्र वाचून केली. मुलांकडेच राहावयाचें आहे, मग नांव कशाला, एवढेंच ती बोलली. एका कागदानें रुपयांतले सहा आणे इकडून तिकडे झाले. दुपारीं अक्काला आमरसाचें जेवण घातलें, साडी-चोळी दिली, आणि चारच्या गाडींत बसवून दिलें. खिडकींतून ती म्हणाली, "भावांनीं हाक मारली कीं यावंसं वाटतं बाई." हें वाक्य मला पुरानंतर आठवलें असें मी लिहिणार होतों, पण खरें सांगावयाचें तर तें मी विसरलोंच नव्हतों.

नंतर कायदा पुढें गेला. महाराष्ट्रानें १९९४ सालींच मुलींना जन्मतः हक्क दिला होता, पण २२ जून १९९४ पूर्वीं लग्न झालेल्या वगळून. अक्का त्यांत बसत नव्हती. ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशांत मुलगी मुलासारखीच जन्मतः भागीदार झाली, आणि बाप तेव्हां हयात असला पाहिजे ही शंकाहि सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं दूर केली. या हिशेबानें मांडलें असतें तर वडील, आई आणि तीन मुलें असे पांच भाग. वडिलांच्या भागाचे पुन्हा चार. अक्काचे बरोबर चार आणे झाले असते. पण सही करून नोंदलेला कागद कायद्यानें कायमच राहतो. वकिलांना मीं विचारलें तेव्हां ते म्हणाले, "गुरुजी, तुम्हांला भीतीचं कारण नाहीं." मी कोणत्या भीतीनें विचारीत होतों हें त्यांना कसें कळावें?

पुराच्या चार वर्षें आधीं मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणांत पोलादपूरच्या खालच्या अंगाची आमची एक वरकस पट्टी गेली होती. ज्यांच्या सातबाऱ्यावर आत्या, बहिणी, चुलतबहिणी अशीं वीस-पंचवीस नांवें, त्यांचे पैसे सह्या गोळा करण्यांत अडकून पडले. आमच्या उताऱ्यावर दोनच नांवें. मोबदला वेळेवर हातीं आला. तेव्हां आम्हीं दादाच्या दूरदृष्टीची तारीफ केली होती.

पेटींतला कागद वाळल्यावर मीं दादाला ठाण्यास फोन केला. तो म्हणाला, "कायद्यानं आपण तिचं कांहीं लागत नाहीं." तें खरेंच होतें. मीं त्या मोबदल्याचा सोळावा भाग माझ्या एकट्याच्या हिश्श्यांतून काढला. भाऊबीजेला मुद्दामच गेलों नाहीं; ओवाळणी आणि देणें यांची सरमिसळ नको होती. मार्गशीर्षांत रोह्यास गेलों. अक्का आतां सत्तरीच्या पुढची, यजमान जाऊन सात वर्षें झालेलीं. तिच्यासमोर हक्कसोडपत्र ठेवलें आणि आणे-पैचा हिशेब शाळेंतल्यासारखा कागदावर मांडून दाखविला.

ती रडेल, किंवा "माहेरचं मला काय करायचंय" असें म्हणेल, अशी माझी कल्पना होती. मनांतल्या मनांत मीं त्याला उत्तरहि तयार ठेवलें होतें. तिनें चष्मा लावून हिशेब दोनदां तपासला. नोटा मोजल्या, फडताळांत ठेवल्या, आणि विचारलें, "पावती लागेल ना? आण कागद. ह्या वेळेला आधीं वाचीन, मग सही करीन."

चहा झाल्यावर ती सहज म्हणाली, "तुझं मृत्युपत्र झालं का रे? पूर आला, आतां तूंहि पासष्टीला टेकशील."

झालें होतें, मसुदा पिशवींतच होता. तिनें हात पुढें केला, तेव्हां द्यावाच लागला. महाडचें घर आणि पोलादपूरकडची शेती मुलाला. कन्येला तिच्या आईचे दागिने, बँकेंतली एक ठेव, आणि माहेरपणास येण्याचा हक्क. पत्नीनें हयातीपर्यंत घरांत राहावें. अक्कानें सगळें वाचलें आणि पहिल्या पानावर बोट ठेवलें. "जमीन सगळी त्याला?" मी म्हणालों, कन्या डोंबिवलीला असते, ती इथं येऊन शेती थोडीच करणार आहे. "आणि तो करतो वाटतं? तो पुण्याला असतो ना?" मग शेवटच्या ओळीवर बोट आणून म्हणाली, "हयातीपर्यंत. माईआजीच्या कागदांत हेंच होतं ना? तूंच आत्तां सांगितलंस."

एसेक्स परगण्यांतले शेतकरी पुढें जेव्हां मीं वाचले तेव्हां मला जें एवढें ओळखीचें वाटलें, त्याचें कारण माझ्या पिशवींतच होतें.

परततांना एस.टी.मध्यें एक गोष्ट ध्यानांत आली, आणि ती वकिलांना विचारून मग येथें लिहीत आहें. आज एखाद्या गृहस्थानें मृत्युपत्र केलेंच नाहीं तर त्याची पत्नी, मुलगा व मुलगी यांना त्याच्या हिश्श्यांत सारखाच वारसा मिळतो. आमच्या ओळखीच्या घरांतून अलीकडे जीं मृत्युपत्रें होतात, आणि मजकूर तपासण्यास म्हणून मजकडे बरींच येतात, त्यांपैकीं बहुतेक हें सारखेपण मोडण्याकरितांच होतात. भाषा मोठी प्रेमळ असते. "चि. सौ. कन्येच्या विवाहांत यथाशक्ति खर्च केला असल्यामुळें..." असें वाक्य आलें कीं पुढें काय येणार हें मला न वाचतां कळतें. त्यांतल्या अशुद्ध ऱ्हस्वदीर्घाच्या खुणा मीं इमानेंइतबारें केल्या. वाक्याला कधीं खूण केली नाहीं.

मसुदा मीं दुसरा केला. शेती मुलाला व मुलीला निम्मी निम्मी. मुलाला फोनवर सांगितलें. तो बराच वेळ गप्प राहिला आणि "बघूं, बाबा" म्हणाला. सूनबाईंनीं पुढें चार महिने फोन केला नाहीं. कन्या म्हणाली, दादाशीं वांकडं येईल असं कांहीं करूं नका. दोघांनाहि मीं एकच उत्तर दिलें कीं मसुदा वाचा, मग बोला. ठाण्याच्या दादानें "तूं म्हातारपणीं शहाणा झालास" एवढाच शेरा मारला. त्याचा अर्थ कसा घ्यावा हें मीं अजून ठरविलेलें नाहीं. महाडचें घर पत्नीला, पूर्ण मालकी हक्कानें. "हयातीपर्यंत" हा शब्द मीं स्वतः तांबड्या शाईनें खोडला. वकिलांनीं दोनदां विचारलें कीं त्यांच्या पश्चात् काय? मी म्हणालों, तें तिनें ठरवावें, घर तिचें आहे.

पक्का कागद करण्यापूर्वीं तो पत्नीला वाचावयास दिला. आमच्या लग्नाला चाळीस वर्षें होऊन गेलीं. या घरांतला एकहि कागद तिनें आजवर हातांत घेतला नव्हता, कारण मीं दिला नव्हता. माजघराच्या उंबऱ्यावर बसून तिनें तो सावकाश, ओठ हलवीत वाचला. घराच्या चतुःसीमा पुन्हा एकदां वाचल्या. मग मान वर करून म्हणाली, "विहिरीचं लिहिलं नाहीं तुम्हीं."

मी म्हणालों, "अग, सगळं घर, परस, सगळं तुझंच लिहिलंय. विहीर त्यांत आलीच."

"आली असेल," ती म्हणाली, "तरी लिहा."